न उचललेले फोन

ग्रामपंचायतीत संगणक चालवणाऱ्या बाईला कागदांची भीती वाटू नये. माझं पोटच त्यावर आहे. रहिवासी दाखला, जन्माची नोंद, मृत्यूची नोंद, लग्नाची नोंद, सगळं माझ्या प्रिंटरमधून बाहेर पडतं. लोक आधारकार्डाची झेरॉक्स घामानं भिजवून आणतात, फोटो उलटा चिकटवतात, सही करायच्या जागी अंगठा आणि अंगठ्याच्या जागी सही करतात, आणि मी त्यांच्यावर वसकन ओरडते. मग त्यांचं काम करून देते. ओरडणं आधी, काम नंतर, ही माझी पद्धत गावाला माहीत झाली आहे. आता माझ्या ओरडण्याचं कोणाला काही वाटत नाही.

माझ्या स्वतःच्या लग्नाची नोंदसुद्धा मीच टाइप केली होती. तेव्हा मी माहेरी, शेणव्याकडच्या एका ग्रामपंचायतीत होते. ग्रामसेवकांनी सही करताना म्हटलं, "बघा हां, यात चूक निघाली तर भांडायला समोर माणूस नाही." चूक निघाली नाही. त्यामुळे दोन वर्षांनी नवऱ्यानं कॅनडाहून कळवलं की त्याला तिथं कायम राहायची परवानगी मिळाली आहे, आता बायकोला बोलवायची फाइल करता येईल, तेव्हा मी मनात म्हटलं, आठ दिवसांचं काम आहे.

मग त्यानं यादी पाठवली.

पासपोर्ट, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला, हे सगळं मी झटपट उरकलं. शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडच्या कचेऱ्यांत कुठल्या खिडकीला कोण बसतं हे मला पाठ आहे. अडलं ते यादीच्या शेवटी. आमचं लग्न खरं आहे, फक्त परदेशी जाण्यासाठी केलेलं नाही, याचा पुरावा द्यायचा होता. पहिल्यांदा कुठे भेटलात? कोणी भेटवलं? लग्नाला कोण कोण होतं? एकत्र किती काळ राहिलात? दोघांचे एकत्र फोटो, वीसपर्यंत. एकमेकांशी बोलत असल्याचा पुरावा, जास्तीत जास्त दहा पानं.

एकत्र किती काळ राहिलात, या प्रश्नासमोर मी लिहिलं, सव्वीस दिवस. लिहिल्यावर तो आकडा मला फारच लहान दिसला. आमच्याकडे लग्नाचा मांडव याहून जास्त दिवस उभा असतो.

पहिली भेट मात्र मला लिहायला आवडली. तो आधी मुरबाडच्या एका कारखान्यात वेल्डर होता, तिथून कॅनडाला गेला आणि लग्नासाठी म्हणून रजेवर आला होता. मला रीतसर पाहायला येण्याआधी तो मामाला घेऊन गुपचूप माझ्या कचेरीत आला. मामांना म्हणे कसलातरी दाखला हवा होता. रांगेत उभे राहिले, नंबर आला, आणि मी विचारलं, "झेरॉक्स कुठंय?" झेरॉक्स नव्हती. "कचेरीत काय हवा खायला येता?" असं मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याला म्हणाले. तो गेला, झेरॉक्स काढून परत रांगेत शेवटी उभा राहिला. नंतर त्यानं घरी सांगितलं, "तोंडाची फटकळ हाय, पण कागद लगेच देते." त्यावर आमचं लग्न ठरलं. हे मी फॉर्मात लिहिलं तेव्हा कितीतरी दिवसांनी मला एकटीलाच हसू आलं. कचेरीत कोणी नव्हतं म्हणून बरं.

फोटोंनी मात्र घात केला. लग्नाचे फोटो तीनशेच्या वर होते, पण आम्ही दोघंच आहोत असा एक नाही. आमच्यात नवरानवरी दोघंच उभे राहत नाहीत. हळदीला माझ्याभोवती करवल्या, त्याच्याभोवती त्याचे मित्र. लग्नात मध्ये मामा. लग्नानंतर माळशेज घाटात नेलं, तर सोबत नणंद आणि तिची दोन मुलं, आणि प्रत्येक फोटोत त्यातलं एक मूल आमच्या मधोमध. सगळे हौसेनं मध्ये शिरले होते आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नव्हतं. दोघांचाच म्हणावा असा एकच फोटो सापडला, लग्नाच्या नोंदणीसाठी स्टुडिओत काढलेला. मागे निळा पडदा, आम्ही दोघं ताठ, जणू कोणीतरी आम्हाला दम देऊन बसवलं आहे.

कल्याणला अशा फाइली तपासून देणारी एक सल्लागार बाई होती. तिनं तो फोटो हातात धरून म्हटलं, "यात तुम्ही एकमेकांना ओळखता असं वाटत नाही हो." मी तोंडावर आलेलं उत्तर गिळलं, कारण ती चुकीचं बोलत नव्हती. आमची ओळख होऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते.

पण खरी पंचाईत झाली ती दहा पानांची.

त्यासाठी आमचं घर आणि आमची रीत दोन्ही सांगायला हवी. मी सासूबाईंसोबत वैशाखऱ्याला राहते, नोकरीही आता इथल्याच ग्रामपंचायतीत. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले. नवरा एकुलता, नणंद लांब दिलेली. घरात आम्ही दोघी. मधली भिंत कुडाची, ती छपरापर्यंत पोचत नाही, त्यामुळे एकीनं कूस बदलली तरी दुसरीला कळतं. अशा घरात सासूच्या कानांदेखत नवऱ्याशी फोनवर गुलूगुलू बोलणं मला जमणार नव्हतं, त्यालाही नव्हतं. त्यानं जायच्या आदल्या दिवशी सांगून ठेवलं, "काम सुटला की एक रिंग देईन. उचलू नको. निजायच्या आधी तू एक दे. मी पण उचलणार नाय."

यात नवीन काही नव्हतं. आमच्या भागात सगळे हेच करतात. माझे वडील भातसा धरणावर कामाला होते, आम्ही भातसानगरच्या कॉलनीत वाढलो. ते ड्यूटीवर पोचले की घरी एक रिंग. मुलगी सासरी पोचली की माहेरी एक रिंग. फोनला मोजून बॅलन्स टाकायचे दिवस कधीच गेले, पण रीत राहिली. रिंग वाजते, बंद होते, माणूस सुखरूप आहे हे कळतं, विषय संपतो. उचलणं म्हणजे अडाणीपणा. आणि एखाद्यानं उचललाच, तर समजायचं की काहीतरी वाईट घडलंय.

त्याची शिफ्ट तिकडे मध्यरात्री सुटायची, तेव्हा इथं कचेरीत साडेअकरा वाजलेले असायचे. थंडीत तिकडची घड्याळं बदलतात, मग साडेबारा. टेबलावर फोन एकदा वाजायचा आणि थांबायचा. वेल्डिंगचं काम, आगीशी खेळ. ती रिंग आली की माझा जीव भांड्यात पडायचा आणि मी पुढच्या माणसावर जरा कमी ओरडायचे. जेवून निजताना मी एक रिंग द्यायचे. दोन वर्षांत आम्ही हे एकदाही चुकवलं नाही.

बोलणं व्हायचं ते रविवारी, आणि तेही सासूबाईंच्या फोनवर. ओटीवर स्पीकर लावून त्या त्याला भाताचं, कोंबड्यांचं, शेजारच्या भांडणाचं सगळं सांगायच्या. शेवटी "घे गो, बोल" म्हणून फोन माझ्यासमोर धरायच्या. मी म्हणायचे, "जेवलात का?" तो म्हणायचा, "हो." मी म्हणायचे, "बरं." एवढा आमचा संसार.

फाइलसाठी मी आमचं दोन वर्षांचं व्हॉट्सॲप काढलं आणि छापलं. माझ्याच प्रिंटरवर. पानावर पान येत होतं आणि सगळ्यांवर एकच. मिस्ड व्हॉइस कॉल. मिस्ड व्हॉइस कॉल. मध्ये कुठेतरी "आईची गोळी संपली का", "हो, आणली", की पुन्हा खालपर्यंत मिस्ड व्हॉइस कॉल. मी ते कागद परक्या माणसाच्या नजरेनं वाचून पाहिले. मी दिवसभर दुसऱ्यांचे कागद तसेच तर वाचते. त्यात सरळ दिसत होतं की एक नवरा रोज फोन करतो आणि बायको उचलत नाही. मग बायको रोज फोन करते, तर नवरा उचलत नाही. दोन वर्षं.

सल्लागार बाईनं पानं उलटली आणि म्हणाली, "मॅडम, यात प्रेम कुठाय?"

मी रीत समजावून सांगितली. ती हसली. म्हणाली, "ते तुम्हाला आणि मला कळलं. कागद वाचणाऱ्याला काय कळणार? दोन-तीन महिने थांबा. रोज नीट बोला. आठवण येते, जेवलीस का, असं. मग त्याची पानं लावू." तिचं चूक नव्हतं. मीही लोकांना हेच सांगते, कागदावर नाही तर नाही. पण हे ऐकून घेताना मला पहिल्यांदाच रांगेतल्या लोकांची दया आली.

नवरा आज्ञाधारक. दुसऱ्या दिवसापासून त्यानं सुरू केलं. गुलाबाच्या चित्रासकट शुभ सकाळ. "तुझी खूप आठवण येते." मीही लिहायचे, "मलाही." पहिले काही दिवस मजा वाटली. तो मुद्दाम शेवटी लिहायचा, "हे चालेल का मॅडम?" आणि मी लिहायचे, "झेरॉक्स जोडा." मग आम्हीच ते पुसून टाकायचो, कारण तेही छापलं गेलं असतं. हळूहळू थट्टा बंद झाली आणि नुसती आठवण राहिली, रोज ठरलेल्या वेळी, हजेरी लावल्यासारखी. त्या दिवसांत मी जेवढी एकटी होते तेवढी कधी नव्हते. आधी दिवसातून एकदा फोन वाजायचा आणि मला नवरा आहे असं वाटायचं. आता त्या रिंगसोबत दिवसातून दहा मेसेज यायचे आणि मला एक फाइल आहे असं वाटायचं. हे कोणाला सांगणार? आईला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "गोड बोलतो तर रडतेस कशाला?"

मग एक दिवस त्यानं लिहिलं, "आज पहिला बर्फ पडला. कामावरून बाहेर आलो आणि दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. वाटलं, तू बघायला हवी होतीस."

मी ते कितीतरी वेळा वाचलं. हे मला लिहिलं आहे की पानांना, ते काही केल्या मला कळेना. सरळ विश्वास ठेवला असता तर काय बिघडलं असतं? पण तोंडाची फटकळ ती बोटांचीही फटकळ. मी लिहिलं, "हे फाइलसाठी का?"

त्यानं वाचलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेसेज नाही, साडेबाराला रिंगही आली नाही. मी निजताना रिंग दिली, तिकडून नेहमीसारखी ती उचलली गेली नाही, पण आता त्या न उचलण्याचा अर्थ काय लावायचा? तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी नाही. रविवार अजून लांब होता. त्याचं काही बरंवाईट झालं असेल तर मला कोण कळवणार, हे मला माहीत नव्हतं. त्याच्या एकाही मित्राचा नंबर माझ्याकडे नव्हता. फॉर्ममध्ये हाही प्रश्न होता, जोडीदाराच्या मित्रांना ओळखता का, आणि मी त्यावर चिडले होते. आता कळलं की प्रश्न बरोबर होता. मी घरी सासूबाईंसमोर भाकरी खात होते आणि त्यांना काहीही सांगू शकत नव्हते. त्या म्हणाल्या, "काय गो, जेवत का नायस?" मी म्हटलं, "दुपारी कचेरीत खाल्लं."

पाचव्या दिवशी साडेबाराला फोन वाजला. समोर एक आजोबा रहिवासी दाखल्यासाठी उभे होते. मी फोन उचलला.

पलीकडून त्याचा आवाज, घाबरलेला. "काय झाला? आई...?"

"आई बरी हाय," मी म्हटलं. "सगळी बरी हायेत."

"मग उचललास कशाला?"

"उचलावासा वाटला."

तिकडून गाड्यांचा आवाज येत होता, कुठलातरी दरवाजा लागला. तो म्हणाला, "बर्फाचा फायलीसाठी नव्हता."

"मग तीन दिवस रिंग का नाय दिली?"

"दिली असती तर तू ती पण फायलीत मोजली असतीस."

मग मी जे बोलले ते ठरवून बोलले नाही. म्हटलं, "मला आता कळतच नाय, तुमी कुठला कशासाठी लिवता. मला हितं एकटीला जमत नाय."

"मला तरी कुठं जमतंय," तो म्हणाला.

एवढंच. आजोबांनी तोंड फिरवून भिंतीवरचा सूचनाफलक वाचायला घेतला होता. त्यांना वाचता येत नाही, दर वेळी फॉर्म मीच भरून देते. मी फोन ठेवेपर्यंत ते त्या फलकाकडे बघत राहिले, आणि मी त्यांचा दाखला ओरडल्याशिवाय दिला.

गुलाबांची पानं मी लावली नाहीत. सल्लागार बाई म्हणाली, "बघा, तुमची जबाबदारी." मी दोन वर्षांतून दहा पानं निवडली, प्रत्येक महिन्यातले काही दिवस, जशीच्या तशी, न उचललेल्या सगळ्या फोनांसकट. सोबत दोन पानी पत्र लिहिलं. आधी मराठीत लिहिलं, मग शब्दकोश घेऊन इंग्रजीत. त्यात आमचं घर सांगितलं, कुडाची भिंत सांगितली, रविवारचा स्पीकर सांगितला. लिहिलं की आमच्याकडे फोन वाजून बंद झाला तर निरोप पोचला असं समजतात, आणि या पानांवर जितक्या वेळा फोन उचलला गेला नाही तितक्या दिवशी हा माणूस सुखरूप होता आणि त्याच्या बायकोला ते कळलं होतं.

आता फक्त घरच्यांची पत्रं उरली. वडिलांचं मी माहेरी शेणव्याला जाऊन आणलं. सासूबाईंचं मलाच लिहायचं होतं, त्या सांगतील तसं. त्या ओटीवर सुपात वाल निवडत बसल्या होत्या. मी वही घेऊन समोर बसले आणि विचारलं, "आमचं लग्न खरं हाय असं तुमाला कशावरनं वाटतं?" सुनेनं सासूला विचारायचा हा प्रश्न नव्हे, पण कागदाला हवा होता.

त्यांनी हात थांबवला नाही. "कशावरनं म्हंजे? तू हितं हायेस ना माज्याजवळ. लग्न खोटा असता तर नवरा नसताना सासूजवळ कोण राह्यला असता गो? दोन वरसा माज्या गोळ्या तू आणतेस. तापात माजा डोका तू दाबलास. लिव तसा."

मी लिहिलं. फाइलमधला सगळ्यात भक्कम पुरावा हा होता की मी या बाईला एकटी सोडलेली नाही. आणि फाइल पास झाली तर मी हिला एकटी सोडून जाणार होते. हे त्यांनाही कळत असणार. त्या एकेक किडका वाल बाजूला टाकत होत्या.

"आणि ते दुसरा काय लिवलास, दोन पानी?" त्यांनी विचारलं.

मी पत्र मराठीत वाचून दाखवलं. कुडाच्या भिंतीपाशी आले तेव्हा लाज वाटली, पण वाचलं. त्यांनी सगळं ऐकलं.

"मला म्हायती हाय," त्या म्हणाल्या. "तू निजताना फोन कानाला लावत नायस. नुसता हातात धरतेस, कुडावरनं उजेड दिसतो. एक रिंग झाली का ठेवतेस. मंग मला झोप येते."

दोन वर्षं मला वाटत होतं की ती रिंग आमच्या दोघांची आहे.

त्यांनी सही केली. बचतगटात शिकलेली सही, एकेक अक्षर थांबून, मी पेन्सिलीनं खूण केली होती त्याच जागी. कागद माझ्याकडे सरकवला आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"तिकडं गेलीस का मला पण तशीच रोज एक रिंग दे," त्या म्हणाल्या. "मी उचलणार नाय."

फाइल त्याच दिवशी पुरी झाली होती. ती पाठवायला मला आणखी नऊ दिवस लागले.